लास व्हेगासमधली मोनोरेल 'डिस्नेची जुनी' नाही

लास व्हेगासला जाऊन आलेली मंडळी हमखास सांगतात, 'तिथली मोनोरेल म्हणजे डिस्ने वर्ल्डच्या जुन्या गाड्या.' ऐकायला छान वाटतं, पण आज ते खरं नाही.

गोष्टीला आधार मात्र आहे. फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड 1971 मध्ये उघडलं, ते 'मार्क फोर' नावाच्या मोनोरेल गाड्या घेऊनच. 1989 पासून उंच, उभं राहता येईल अशा 'मार्क सिक्स' गाड्या आल्या आणि जुन्या बाजूला पडल्या. त्यांतल्या दोन लास व्हेगासला गेल्या. एमजीएम ग्रँड आणि बॅलीज या दोन हॉटेलांदरम्यान 1995 पासून त्या फुकट धावत होत्या. तिथेही मार्ग तसाच होता: काँक्रीटची अरुंद तुळई, तिच्या माथ्यावर रबरी टायर आणि दोन्ही अंगांना तिला धरून चालणारी आडवी चाकं. डिस्नेतून निवृत्त झालेल्या गाड्यांना असं दुसरं आयुष्य मिळालं, हे मला मनापासून आवडतं.

पण 2004 मध्ये मार्ग वाढवून नवी मोनोरेल सुरू झाली, तेव्हा त्या दोन गाड्या सेवेत नव्हत्या. आज धावतात त्या बाँबार्डियर या कॅनडातल्या कंपनीने बनवलेल्या, चार डब्यांच्या, चालकाविना चालणाऱ्या गाड्या. डिस्नेच्या मार्क सिक्सही बाँबार्डियरच्याच आणि नव्यांचा आराखडा त्यांच्यावरच बेतलेला. चेहरेपट्टी जुळते ती त्यामुळे, आणि गैरसमज टिकला तोही बहुधा त्यामुळेच.