जेलीत पेशी कुठे बसतात, त्यावर कूर्चा ठरते

चायना ग्रासच्या जेलीत द्राक्षं घालणाऱ्या नाशिककरांना हे ठाऊक असतं: मिश्रण गरम असताना घातली की सगळी तळाशी, घट्ट होऊ लागल्यावर घातली की जिथल्या तिथे. प्रयोगशाळेत पेशी जेलीत मिसळून गुडघ्याची कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं लवचिक अस्तर, वाढवणाऱ्यांचीही अडचण हीच. त्यांची जेलीसुद्धा बहुधा समुद्री शेवाळातूनच येते, अगारोज किंवा अल्जिनेट.

मूळ कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि पेशी जेमतेम काही टक्के जागा व्यापतात. पण त्या कशाही पडलेल्या नसतात. वरच्या थरात चपट्या, पृष्ठभागाला समांतर; मध्ये गोल आणि विरळ; खाली उभ्या रांगांत. याच पेशी प्लॅस्टिकच्या बशीत वाढवल्या की पसरतात आणि कूर्चेचं खास तंतुप्रथिन, टाइप 2 कोलॅजेन, सोडून टाइप 1 बनवू लागतात. अगारोजमध्ये त्या पुन्हा गोल होतात आणि मूळ कामाला लागतात, हे 1982 मध्येच दिसलं होतं.

अल्जिनेटची नेहमीची कृती अशी. 1.2 टक्के द्रावणात मिलीलिटरला 40 लाख पेशी मिसळायच्या, 22 गेजच्या सुईतून 102 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडायचे, 10 मिनिटं थांबायचं. थेंब पडताक्षणी कॅल्शियममुळे गोठून मणी होऊ लागतो, त्यामुळे पेशी खाली बसतात त्या मण्यात नव्हे, सिरिंजमध्येच. हात संथ चालला तर पहिले मणी गच्च आणि शेवटचे जवळजवळ रिकामे. धुताना फॉस्फेटचं द्रावण वापरलं तर ते कॅल्शियम ओढून घेतं आणि मणी मऊ पडतात. साधं सलाईन बरं.

पेशींचे गठ्ठे हा आणखी किचकट भाग. 2006 मध्ये जैवअभियंत्या संगीता भाटिया आणि सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्राने गाईच्या कूर्चापेशी जेलमध्ये हव्या तशा मांडल्या आणि प्रकाशाने जेल घट्ट केलं. पेशींचा समूह मोठा, तशी कूर्चेला पाणी धरून ठेवायला लावणाऱ्या साखरसाखळ्यांची निर्मिती कमी, असं दिसलं. निफाड-दिंडोरीत घडातले मणी विरळ करतात, नाहीतर आतले मणी दाटीत दबून कुजतात. इथे कारण वेगळं असू शकतं, पण गच्च भरलं म्हणजे जास्त पीक, हा समज दोन्हीकडे फसतो. म्हणून पेशी मिसळण्याआधी बारीक जाळीतून गाळाव्यात.

मूळपेशींना (ज्यांच्यापासून कूर्चापेशींसारख्या इतर पेशी घडवता येतात) मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नका. कूर्चापेशी होण्याच्या सुरुवातीला त्यांना एकमेकींचा स्पर्श लागतो. म्हणून तर अडीच लाख पेशी सेंट्रिफ्यूज यंत्रात एकत्र फिरवून त्यांची गोळी करण्याची पद्धत रूढ आहे.

तपासताना बरेच जण सूक्ष्मदर्शकातून वरून पाहतात, आणि तिथेच चकतात. तळाशी बसलेला थरही वरून छान एकसारखा पसरलेला दिसतो. जेल मधोमध उभं कापून, त्या साखरसाखळ्यांना लाल करणाऱ्या सॅफ्रानिन-ओ रंगाने रंगवलं, की कडेला लाल आणि पोटात फिकट असा भेद लगेच उघडा पडतो.