मांजराची पोरकी पिल्ले : संगोपन
आई मेलेल्या किंवा दुरावलेल्या, सुमारे चार आठवड्यांपर्यंतच्या पिल्लांना माणसाने हाताने वाढविणे. एकटे सापडलेले प्रत्येक पिल्लू पोरके नसते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, ही महाराष्ट्रातील समजूत आकड्यापुरती सोडली तर निरीक्षणातूनच आलेली आहे. जागा बदलताना आई एकेक पिल्लू तोंडात धरून नेते आणि उरलेली तेवढा वेळ उघडी पडतात. ती उबदार व शांत असतील, तर लांबून काही तास वाट पाहणे हीच पहिली काळजी होय.

जन्मतः वजन साधारणपणे ९० ते ११० ग्रॅम भरते. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडून अंगात ऊब आणता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाची आतडी मंदावतात, चोखण्याची ताकद जाते. अशा स्थितीत पाजलेले दूध पचत नाही व श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. म्हणून आधी ऊब, मग दूध. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी एका बाजूला ठेवावी आणि पिल्लाला तिच्यापासून दूर सरकता येईल इतकी जागा सोडावी.

चिकाचा, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधाचा, प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मांजराच्या वारेतून (गर्भाला आईशी जोडणाऱ्या अवयवातून) प्रतिपिंड, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिने, फारच थोडे मिळतात. बहुतेक चिकातून येतात. ते शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता टिकण्याचा काळ काही ग्रंथांत २४ तास दिला जातो. प्रयोगांतून मिळालेली सुमारे १६ ते १८ तासांची मर्यादा अधिक ग्राह्य वाटते. त्यामुळे बऱ्याच दिवसांपूर्वी व्यालेल्या दुसऱ्या मांजरीला पिल्ले लावली, तर त्यांना उत्तम पोषण व ऊब लाभते; चिकाची उणीव मात्र भरून निघत नाही, कारण पुढच्या दुधात हे प्रतिपिंड बरेच कमी असतात. निरोगी प्रौढ मांजराचा, रक्तगट जुळणारा रक्तरस त्वचेखाली टोचण्याचा उपाय पशुवैद्य करू शकतात. उलट, आई ‘बी’ रक्तगटाची व पिल्लू ‘ए’ गटाचे असल्यास तिचाच चीक पिल्लाच्या तांबड्या पेशी नष्ट करतो. अशा पिल्लांना पहिला दिवस आईपासून दूर ठेवतात.

गाईच्या दुधाने होणाऱ्या जुलाबांचा दोष सहसा केवळ दुग्धशर्करेला दिला जातो. त्याहून महत्त्वाची त्रुटी प्रथिनांची दिसते : गाईच्या दुधात ती ३ ते ३.५ टक्के, तर मांजराच्या दुधात सुमारे दुप्पट किंवा अधिक असतात. टॉरीन हे मांजराला आहारातून मिळावेच लागणारे ॲमिनो आम्लही गाईच्या दुधात अत्यल्प असते. त्याच्या अभावी मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, हे १९७५ मध्ये दाखविले गेले. यासाठी मांजरांकरिता बनविलेली दूधभुकटी वापरावी.

पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. पिल्लू पोटावर पालथे असावे. उताणे धरून पाजणे धोक्याचे. सुमारे तीन आठवडे ओल्या कोमट कापसाने हलके पुसून मलमूत्र करवावे लागते. वजन रोज मोजावे; १० ते १५ ग्रॅम वाढ अपेक्षित असते आणि वजन घटल्यास त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू करतात.