पापडखारावरचा तंबू

आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशातल्या माऊन गावाहून निघालेलं चिमुकलं विमान ओकावांगोच्या पाणथळीत एखाद्या मातीच्या धावपट्टीवर उतरतं. सामान मऊ पिशवीत आणि मोजकंच न्यायचं, कारण विमानाच्या पोटात कडक सूटकेस मावत नाही. पुढे जीप, कधी होडी, आणि मग लाकडी मंचावर उभारलेला तंबू. आत पांढरीशुभ्र गादी, बाहेर पाणघोड्यांचं घुरघुरणं. एका रात्रीचं भाडं ऐकून आपल्याला घामच फुटेल. पर्यटक थोडे आणि पैसा जास्त, हे तिथलं सरकारी धोरणच आहे. एवढे पैसे मोजलेला पाहुणा सिंह शोधणार, हे ओघानं आलंच. मला विचाराल तर खरं नवल तंबूच्या खाली आहे.

ओकावांगो ही समुद्राला न मिळणारी नदी. अंगोलाच्या पठारावर डिसेंबर ते मार्च पडलेला पाऊस घेऊन ती कलहारीच्या वाळूत येते आणि पंख्यासारखी पसरते. सुमारे 250 किलोमीटरमध्ये उतार जेमतेम 60 मीटरचा. त्यात पपायरस या लव्हाळ्याच्या जातीच्या उंच पाणवनस्पतीची रानं. पाणी अक्षरशः रांगत पुढे सरकतं आणि माऊनला पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. आकाशात ढगाचा ठिपका नाही, गवत वाळलेलं, आणि नदीला पूर! प्राणी पाण्याभोवती गोळा होतात, म्हणून पर्यटकांचा हंगामही तोच.

वर्षाला साधारण 10 घन किलोमीटर पाणी येतं आणि त्यातलं 95 टक्क्यांहून जास्त हवेत उडून जातं. आता गंमत पाहा. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. आपल्या लोणारच्या सरोवरात हेच घडलं: बाहेर जायला वाट नाही, पाणी आटत राहिलं आणि मागे पापडखार उरला. त्या हिशेबानं ओकावांगो कधीच खारट व्हायला हवी होती. पण मोकोरो या अरुंद होडीतून जाताना हात बुडवाल ते पाणी कुजलेल्या पानांमुळे चहाच्या रंगाचं असलं, तरी गोडं असतं.

क्षार जातात कुठे? बेटांखाली.

यातली बरीच बेटं वाळवीनं सुरू केलेली. पाणी ओसरलेल्या जागी वाळवी वारूळ रचते. पुढच्या पुरात त्याचा माथा तेवढा कोरडा राहतो. पक्षी त्यावर बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाडं उगवतात. झाडं दिवसभर मुळांनी पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडतात. त्यामुळे बेटाखालची भूजलपातळी भोवतालच्या पाण्याहून खाली जाते आणि पाणी बेटाकडे झिरपत राहतं. मुळं पाणी घेतात, क्षार बाहेरच ठेवतात. चुना आणि सिलिका कडेच्या मातीत साचतात, त्यांनी जमीन फुगते, बेट वाढतं. सोडियमचे क्षार मात्र विरघळलेलेच राहतात आणि मध्याकडे सरकतात. अखेर तिथलं पाणी इतकं खारं आणि जड होतं, की ते खोल जमिनीत बुडतं.

म्हणून तंबू नेहमी बेटाच्या कडेला, अंजिराच्या जातीच्या मोठ्या झाडांच्या सावलीत दिसतात. आत चालत गेलात (वाटाड्या सोबत हवाच, हत्ती फिरत असतात) तर आधी आपल्या शिंदीची जातभाई असलेली खजुरी लागते, मग खार सोसणारा पंख्याच्या पानांचा ताड, मग नुसतं टोचरं गवत, आणि मधोमध पांढरी पापुद्र्याची जमीन. तो पापुद्रा म्हणजे पापडखाराचाच भाऊ.

ही व्यवस्था एकाच जागी कायमची चालत नाही. वाळू आणि पपायरसनं प्रवाह तुंबतो, पाणी दुसरी वाट धरतं, जुनी पाणथळ वाळते, तिथलं कुजट गवत जमिनीखाली धुमसत जळतं, आणि पाऊस साचलेला खार हळूहळू खोल धुऊन नेतो. पश्चिमेकडचा थाओगे प्रवाह 19व्या शतकात असाच आटला. छावण्यांना बहुधा सिमेंटचा पाया नसतो, तंबू उचलून नेता येतात, हे एका परीनं बरंच.