वेंगुर्ल्याचा उंचवटा आणि गोव्यासमोरचे तेल

मुंबईसमोरच्या समुद्रात तेल आहे, मग गोव्यासमोर का नाही? गोव्यातल्या बेतुलला ओएनजीसीची संस्था आहे, 2024 च्या फेब्रुवारीत इंडिया एनर्जी वीक ही ऊर्जा परिषद तिथेच भरली. त्यामुळे गोव्यात या प्रश्नाला अधूनमधून उकळी येते आणि उत्तरादाखल कुणी नशिबाला, कुणी दिल्लीला बोल लावतो. पण तेल सापडणे ही फार पुढची गोष्ट. त्याआधी ते तयार व्हावे लागते, आणि गोव्याचे घोडे अडले आहे ते तिथे.

जमिनीचा विषय चटकन संपतो. बार्से, सावर्डे, डिचोली, वागेरी ही आपल्या गावांची नावे भूविज्ञानाच्या पुस्तकांत खडकांच्या थरांना दिलेली आढळतात. पण हे थर सुमारे अडीच अब्ज वर्षांचे किंवा त्याहून जुने, शिवाय उष्णता आणि दाबाने रूपांतरित. मूळ गाळात काही सेंद्रिय असलेच, तर एवढ्या उष्णतेने त्याचे ग्रॅफाइट होऊन बसणार. लोहखनिज मिळाले, ते पुष्कळ झाले.

समुद्राची कथा लांबची आहे. 1958 मध्ये गुजरातेत खंबातजवळ लुणेजला तेल लागले, 1960 मध्ये अंकलेश्वरला. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज होते. मग सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने साठच्या दशकात मुंबईसमोर एक मोठा उंचवटा हेरला आणि फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या रिगला तिथे तेल लागले. शोधाची जुनी रीत अशीच होती: जमिनीखाली घुमट दिसला की त्यावर विहीर खोदायची. घुमटात तेल आले कुठून, हा प्रश्न मागे राहायचा.

तो अगदीच कुणी विचारला नव्हता असे नाही. अमेरिकेत डेव्हिड व्हाइट यांनी 1915 मध्येच दाखवले होते, की एखाद्या प्रदेशातला कोळसा जसजसा उच्च प्रतीचा होत जातो, तसतसे तिथले तेल हलके होते आणि पुढे संपतेच. म्हणजे कोळसा आणि तेल दोघांवर एकाच उष्णतेची छाप पडते. तिसाच्या दशकात जर्मनीत आल्फ्रेड ट्रायब्स यांना तेलात हरितद्रव्यापासून आलेले रेणू सापडले आणि तेलाच्या सजीव उगमाला भक्कम पुरावा मिळाला.

पुढे मोजमाप आले ते कोळशाच्या अभ्यासकांकडून. झाडांच्या लाकडी भागापासून बनलेला व्हिट्रिनाइट नावाचा कण गाळाच्या खडकात विखुरलेला असतो. खडक घासून गुळगुळीत करायचा, कण आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवायचा आणि पडलेल्या प्रकाशाचे किती टक्के परत येतात ते मोजायचे; खडक जितका तापलेला, तितके ते जास्त. साधारण 0.6 टक्क्यांच्या खाली खडक कच्चा, 0.6 ते 1.3 पर्यंत तेलाचा टप्पा, त्यापुढे गॅस. आकडे दिसतात सोपे, पण जुन्या खडकातून वाहून आलेला एखादा कण मध्येच शिरला तर सरासरी बिघडते, म्हणून पुष्कळ कण मोजावे लागतात.

1977 मध्ये फ्रेंच पेट्रोलियम संस्थेच्या संशोधकांनी रॉक-इव्हल ही पद्धत मांडली आणि कामाचा वेगच बदलला. विहिरीतून आलेल्या खडकाचा जेमतेम 100 मिलिग्रॅम चुरा प्राणवायू नसलेल्या भट्टीत ठेवायचा. 300 अंशांवर आधीच तयार झालेले तेल उडून जाते, तो आलेखावरचा पहिला उंचवटा. मग मिनिटाला 25 अंश असे तापमान चढवत नेले की केरोजेन, म्हणजे खडकातले न विरघळणारे सेंद्रिय द्रव्य, फुटू लागते. हा दुसरा उंचवटा जिथे शिगेला पोचतो त्या तापमानाला टी-मॅक्स म्हणतात. ते 435 अंशांच्या आसपास गेले की खडक तेलाच्या टप्प्यात आला असे धरतात. हे तापमान भट्टीतले, जमिनीखालचे नव्हे. खाली साधारण 60 ते 120 अंशच असतात, पण हाताशी लाखो वर्षे असतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ लोपाटिन यांनी 1971 मध्ये काळ आणि तापमान एकत्र बांधणारे गणित केले: दर 10 अंशांना वेग दुप्पट. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोठी झेप हीच. रॉक-इव्हलचे आकडे मात्र जपून वाचावेत; दुसरा उंचवटा अगदीच बुटका असेल तर टी-मॅक्सला काही अर्थ राहत नाही.

या नजरेने पाहिले की मुंबई हायचे चित्र उलटे होते. त्या उंचवट्याने स्वतः तेल बनवले नाही. आजूबाजूच्या खोलगट भागांत, दख्खनच्या बेसाल्टवर साचलेली पन्ना थरांची पाच कोटी वर्षांहून जुनी शेल (चिखलापासून बनलेला खडक) खोल गाडली गेली, तापली, आणि तिथले तेल वर सरकत चुनखडकात येऊन थांबले. तेलवाले अशा खोलगट भागाला ‘किचन’ म्हणतात.

वेंगुर्ल्यासमोर समुद्राखाली एक उंचवटा आहे, त्याला वेंगुर्ला आर्च म्हणतात. मुंबईचे खोरे तिथे संपते आणि केरळ-कोकण खोरे सुरू होते. गोवा पडला दक्षिणेला. देशातल्या 26 गाळाच्या खोऱ्यांची तीन गटांत वर्गवारी झाली, तीत केरळ-कोकण तिसऱ्या गटात आहे, म्हणजे साठ्याची शक्यता आहे पण शोध लागायचा आहे अशांत. इथे विहिरी खोदून झाल्या, व्यापारी साठा मिळाला नाही. घुमट, चुनखडक, जाड गाळ अशा बाकी गोष्टींवर चर्चा होते, पण घोळ शेवटी स्रोतखडकावर, म्हणजे तेल ज्यात तयार होते त्या खडकावर, येतो: तो आहे का, आणि असलाच तर पुरेसा तापला का?

2006 मध्ये गॅस हायड्रेटच्या (समुद्रतळाखाली बर्फासारख्या रूपात अडकलेल्या वायूच्या) राष्ट्रीय मोहिमेत ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ जहाजाने खोदकामाची पहिली जागा याच खोऱ्यात घेतली होती. हायड्रेट मिळाले नाही. ते पुढे कृष्णा-गोदावरीत मिळाले. ही जागा अडीच हजार मीटरहून खोल पाण्यात होती. स्रोतखडक ज्यापासून बनतो तसा सेंद्रिय द्रव्याने भरलेला चिखल आज त्याच्या कितीतरी वर, खंडाच्या उतारावर साचतो. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीत प्राणवायू जवळपास नसतो, आणि हा चिखल त्याच पट्ट्यात आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या परोपकारी आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये याचे श्रेय प्राणवायूच्या अभावाला दिले. कॅल्व्हर्ट आणि मंडळींनी 1995 मध्ये ते खोडून काढत वरच्या पाण्यातली सुपीकता आणि गाळ कसा साचतो यावर भर दिला. हा वाद आजच्या चिखलापुरता नाही. प्राणवायूचा अभाव निर्णायक मानला तर जुन्या काळातली कोंडलेली, पाणी न खेळणारी खोरी शोधावी लागतात. सुपीकता मानली तर जुन्या किनाऱ्यांवर खालचे पाणी कुठे वर येत होते ते शोधावे लागते. कोकण खोऱ्यात हे दोन नकाशे एकमेकांवर बसतीलच असे नाही.