पेशंट ॲडमिट असताना शुगर, इन्सुलिन आणि आमचा डबा

दवाखान्यासाठी डबा लावायला कुणी आलं की आम्ही आधी दोन गोष्टी विचारतो. पेशंटला शुगर आहे का? इन्सुलिन चालू आहे का? भाजी कुठली हवी ते नंतर. असं का, ते या पत्रकात लिहिलं आहे. खानापूर, हुक्केरी, चंदगडकडून पेशंट घेऊन बेळगावला आलेल्यांनी हे जरूर वाचावं, कारण उशाशी रात्रंदिवस तुम्हीच असता.

"घरी गोळीवर शुगर बरोबर होती, इथं आल्यावर अडीचशे कशी?" हे आम्हाला हमखास ऐकायला मिळतं. ताप, इन्फेक्शन, ऑपरेशन असं काही झालं की शरीरावर ताण येतो, कॉर्टिसोल आणि ॲड्रिनलिन ही ताणाची हार्मोन्स वाढतात आणि लिव्हर रक्तात जास्त साखर सोडतं. सकाळी स्टेरॉइड दिलं असेल तर दुपारनंतर आकडा आणखी चढतो. पूर्वी कधी शुगर नसलेल्याचीही चढू शकते. मग एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची चाचणी, करतात. ती 6.5 टक्के किंवा त्याहून जास्त आली, तर शुगर आधीपासूनच होती असं धरतात.

अशा वेळी डॉक्टर घरच्या गोळ्या थांबवून बहुधा इन्सुलिन सुरू करतात. किडनीवर ताण असेल किंवा स्कॅनसाठी डाय द्यायचा असेल, तर मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी बंद ठेवावी लागू शकते. ग्लिफ्लोझिन गटातल्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) बहुतेक गोळ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवतात. म्हणून घरून आणलेली गोळ्यांची पिशवी नर्सला दाखवा, आणि त्यातली एकही गोळी स्वतःहून देऊ नका. इन्सुलिन सुरू झालं म्हणजे जन्माची सुई लागली, असंही नाही. दुखणं ओसरल्यावर पुष्कळजण परत गोळीवर येतात.

दवाखान्यात बहुतेक पेशंटची शुगर 140 ते 180 च्या दरम्यान ठेवतात. नातेवाईकांना हा आकडा जास्त वाटतो. पण 2009 साली नाइस-शुगर नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आयसीयूतले सहा हजारांवर पेशंट होते. ज्यांची शुगर 81 ते 108 मध्ये दाबून ठेवायचा प्रयत्न झाला, त्यांच्यात 180 च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा जास्त मृत्यू झाले. तेव्हा 160 बघून घाबरू नका. घाबरायचं ते 70 च्या खाली.

तिथंच आमचा डबा येतो. एका पावसाळ्यात आमचा मुलगा डबा घेऊन टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटापाशी अडकला. तिकडे वॉर्डात आजींना जेवणाआधीचं इंजेक्शन देऊन झालेलं. तो पोचला तेव्हा पदर घामानं ओला, हात थरथरतायत आणि त्या सुनेलाच "तू कोण?" म्हणून विचारत होत्या. शुगर 52 निघाली. नर्सनं लगेच ग्लुकोज दिलं, आजी सावरल्या. त्या दिवसापासून आमचा नियम आहे: डबा तुमच्या हातात आला की मगच जेवणाआधीच्या इंजेक्शनसाठी नर्सला बोलवा. लगेच काम करणारं इन्सुलिन असेल तर ताट समोर ठेवून देतात. साधं रेग्युलर असेल तर अर्धा तास आधी, म्हणून आम्ही तो अर्धा तास धरूनच डबा पाठवतो. उशीर होतोय असं दिसलं तर नर्सला कन्नडमध्ये एवढंच सांगा: "इन्नू ऊटा बंदिल्ल." जेवण अजून आलेलं नाही.

घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक चिडचिड किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर आधी नर्सला हाक मारा. पेशंट शुद्धीवर असेल आणि तोंडानं घ्यायची परवानगी असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासून घ्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका.

आता कुंद्याचं, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचं. बेळगावात भेटायला येणारा पुडा घेऊनच येतो, आणि "एवढ्याशानं काय होतंय" म्हणून दोन चमचे पेशंटच्या तोंडात जातात. पुढच्या तपासणीत शुगर 290 येते. डॉक्टरांना कुंद्याचा पत्ता नसतो, ते इन्सुलिन वाढवतात. दुसऱ्या दिवशी कुंदा नसतो, वाढलेलं इन्सुलिन मात्र असतं, आणि शुगर खाली कोसळते. खाल्लं असेल तर सांगून टाका, कुणी रागावलं तरी चालेल. केळं सोललेल्या बोटावरही मीटर खोटा चढा आकडा दाखवतो. बोट टोचण्याआधी हात पाण्यानं धुवून पुसा.

आमच्या शुगरच्या डब्यात जोंधळ्याच्या भाकरीचं आणि भाताचं माप रोज सारखंच असतं. भाकरी शुगरला चालते म्हणून कितीही खावी, हा समज चुकीचा आहे. तिच्यातही पिष्टच आहे. डोस जेवणाच्या अंदाजावर बसवलेला असतो, म्हणून माप हलवायचं नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर आधी कळवा, डॉक्टर सांगतील तशी डाळ-भाजी बदलून देऊ.

आणि पेशंटनं अर्धीच भाकरी खाल्ली तर उरलेली स्वतः खाऊन डबा रिकामा करू नका. आधी उरलेलं नर्सला दाखवा.