कुत्रा फिरवताना जुळणाऱ्या ओळखी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की कुत्रा पाळणाऱ्यांचे वेळापत्रक ऊन ठरवू लागते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याला मुख्यतः धापा टाकण्यावरच अवलंबून राहावे लागते, आणि तापलेल्या डांबराने त्याचे पंजे भाजतात. त्यामुळे फुटाळा, अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सच्या परिसरात कुत्री फिरवायची ती पहाटे, नाहीतर ऊन उतरल्यावर. साहजिकच मोजक्या वेळात तीच ती माणसे रोज समोरासमोर येतात. श्वानप्रेमातून जमणाऱ्या जोड्यांचे अर्धे रहस्य माझ्या मते इथेच आहे. एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेही ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले होते.

मात्र रोज दिसणाऱ्या व्यक्तीशी बोलायला निमित्त लागते, आणि ते कुत्रा पुरवतो. दोन कुत्री एकमेकांना हुंगू लागली की मालकांना थांबावेच लागते. मग नाव, वय, लसीकरण असे निरुपद्रवी प्रश्न आपोआप निघतात. इंग्लंडमधील जून मॅकनिकोलस आणि ग्लिन कॉलिस यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्रा सोबत असताना अनोळखी लोकांशी होणारे संभाषण लक्षणीयरीत्या वाढले, आणि सोबतच्या माणसाचे कपडे गबाळे असले तरी हा परिणाम टिकून राहिला. अर्थात कुत्रा कोणता, यानेही फरक पडतो. बेलफास्टच्या डेबोरा वेल्स यांच्या २००४ मधील अभ्यासात लॅब्राडॉर सोबत असताना लोक जितके थांबले, तितके रॉटवायलर असताना थांबले नाहीत.

प्रेमाच्या अधिक जवळ जाणारा प्रयोग फ्रान्समधला आहे. निकोला गेगां आणि सर्ज सिकोटी यांच्या २००८ मधील या अभ्यासात एक तरुण रस्त्यात अनोळखी तरुणींकडे फोन नंबर मागत असे. एकटा असताना सुमारे ९ टक्के, तर कुत्रा सोबत असताना सुमारे २८ टक्के तरुणींनी तो दिला. आकडा चटकन डोळ्यांत भरतो. पण नंबर मिळणे म्हणजे प्रेम जमणे नव्हे, आणि कुत्रा असूनही बहुसंख्य तरुणींनी नकारच दिला होता. (हा प्रयोग कोणी धरमपेठेत करून पाहू नये, हे सांगायला नकोच.)

अशा वेळी जिव्हाळ्याशी जोडल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा दाखला हमखास दिला जातो. जपानमधील मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे दाखवले की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही लघवीतील ऑक्सिटोसिनचे प्रमाण वाढते. माणसाळवलेल्या लांडग्यांच्या बाबतीत तसे घडले नाही. पण हे मोजमाप कुत्रा आणि त्याचा मालक यांच्यातले आहे, साखळी धरून शेजारी उभ्या असलेल्या दोन मालकांमधले नव्हे. त्यावरून थेट त्या दोघांच्या प्रेमाचा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते.

त्याहून व्यवहारी कारण मला अधिक पटते. कांदेपोह्यांच्या तासाभरात दोन्ही बाजू सांभाळून बोलतात. कुत्र्याने ऐन घाईच्या वेळी चिखलात लोळण घेतली, तर समोरचा माणूस चिडतो, साखळीला हिसका देतो की हसून त्याला पुसायला बसतो, हे मात्र न विचारताच कळते.