महिनोन्महिने शरीरात राहणारे क्षयाचे औषध

रिफॅम्पिसिन हे क्षयाचे औषध वापरात आल्यानंतर सुमारे चाळीस वर्षे क्षयरोगावर नव्या पद्धतीने काम करणारे एकही औषध बाजारात आले नाही. ही खंडित परंपरा २८ डिसेंबर २०१२ रोजी पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने बेडाक्विलिन या संश्लेषित औषधाला बहुऔषधरोधक क्षयासाठी, म्हणजे आपल्याकडे सर्रास ‘एमडीआर टीबी’ म्हटल्या जाणाऱ्या आजारासाठी, मंजुरी दिली. मधल्या काळात जंतू मात्र थांबले नव्हते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांच्या जंतूंवर तपासलेले कोणतेही औषध चालत नाही अशा चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तीही याच सुमारास, आणि तिच्यावरून बरेच वादळ उठले होते.

बेडाक्विलिनचा शोध बेल्जियममधील बेर्से येथे मुख्यालय असलेल्या यान्सेन कंपनीत लागला. त्या काळात प्रतिजैविकांच्या संशोधनात एक ठरावीक रीत रूढ होती. जंतूच्या जगण्यासाठी आवश्यक असे एखादे एन्झाइम निवडायचे, ते परीक्षानळीत वेगळे काढायचे आणि हजारो संयुगांपैकी कोणते त्याला रोखते ते पाहायचे. ही रीत कागदावर तर्कशुद्ध दिसत असली, तरी तिच्यातून फारसे काही हाती लागले नाही, कारण एन्झाइमला रोखणारे संयुग जंतूच्या आत शिरेलच याची खात्री नसते. क्षयजंतूचे मेणचट, जाड कवच तर या बाबतीत विशेष कठीण. यान्सेनमधील कोएन आंद्रिस यांच्या गटाने उलटा मार्ग धरला आणि संयुगे थेट जिवंत जंतूंवर टाकून पाहिली. क्षयजंतूची संख्या दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो आणि त्याला हाताळण्यासाठी कडेकोट प्रयोगशाळा हवी, म्हणून त्यांनी त्याचा झपाट्याने वाढणारा, निरुपद्रवी भाऊबंद ‘मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस’ चाचणीसाठी घेतला. त्यातून डायअरिलक्विनोलिन हे रसायनांचे एक नवे कुटुंब पुढे आले.

संयुग जंतूला मारते हे कळले, पण कसे मारते हे कळले नव्हते. त्यासाठी संशोधकांनी औषधाला दाद न देणारे उत्परिवर्ती, म्हणजे जनुकांत बदल झालेले, जंतू मुद्दाम वाढवले, त्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचला आणि मूळ जंतूशी ताडून पाहिला. फरक एका जनुकात सापडला. हे जनुक एटीपी सिंथेज या ऊर्जानिर्मिती करणाऱ्या प्रथिनयंत्राचा एक भाग घडवते. तोवर कोणत्याही क्षयविरोधी औषधाने या यंत्राला हात लावला नव्हता. हे संशोधन २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

एटीपी सिंथेज पेशीच्या आवरणात बसलेले असते आणि त्याचा एक भाग खरोखर फिरतो. क्षयजंतूच्या कुळात या फिरत्या कड्याला नऊ समान घटक असतात. हे कडे रहाटगाडग्यासारखे चालते: प्रत्येक घटक एका बाजूने एक प्रोटॉन उचलतो, कड्याबरोबर फिरतो आणि जवळजवळ पूर्ण फेरी झाल्यावर तो दुसऱ्या बाजूला सोडतो, या फिरण्याच्या जोरावर पेशीचे ऊर्जाचलन असलेले एटीपी तयार होते. बेडाक्विलिनचा रेणू प्रोटॉन धरून ठेवण्याच्या नेमक्या जागी, ग्लुटामेट या अमिनो आम्लापाशी, जाऊन बसतो आणि कडे अडकते. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातही याच जातीचे यंत्र आहे. म्हणून हे लक्ष्य प्रथमदर्शनी धोक्याचे वाटते; पण दोन्ही यंत्रांतल्या त्या जागेची ठेवण पुरेशी वेगळी असल्यामुळे उपचाराच्या मात्रेत जंतूचे यंत्र आधी बंद पडते.

या कार्यपद्धतीचे दोन परिणाम रुग्णाच्या खाटेपाशी दिसतात. क्षयाचे काही जंतू शरीरात निपचित पडून राहतात, विभाजन करत नाहीत, त्यामुळे वाढीच्या प्रक्रियेवर घाव घालणारी औषधे त्यांना गाठू शकत नाहीत. परंतु निपचित जंतूलाही थोडी ऊर्जा लागतेच, आणि बेडाक्विलिन तीच तोडते. दुसरा परिणाम संयमाची परीक्षा पाहणारा आहे. जंतूकडे आधीच साठलेली ऊर्जा संपेपर्यंत तो तग धरतो, त्यामुळे सुरुवातीच्या चाचणीत थुंकीतील जंतूंची संख्या चौथ्या दिवसापासून घटू लागली. पहिल्या दोन दिवसांच्या आकड्यांवरच निर्णय घेतला गेला असता, तर औषध कदाचित बाद ठरले असते.

आता रेणूच्या स्वभावाकडे वळू, कारण माझ्या मते या औषधाचे गुण आणि दोष या दोन्हींचा उगम तिथेच आहे. ३२ कार्बन अणू आणि ब्रोमीनचा एक अणू असलेला हा रेणू अतिशय स्निग्धप्रेमी आहे; पाण्याशी त्याचे जमत नाही. गोळी जेवणासोबत घेतल्यास रक्तात पोहोचणारे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते, म्हणून ती उपाशीपोटी घ्यायची नसते. रक्तात गेल्यावर ९९.९ टक्क्यांहून अधिक औषध प्रथिनांना चिकटते, आणि उतींमध्ये शिरलेले औषध तेथील स्निग्ध पदार्थांत मुक्काम ठोकते. तिथून ते इतके सावकाश बाहेर पडते की त्याचा अंतिम अर्धायुकाल, म्हणजे उरलेले औषध निम्म्यावर येण्याचा काळ, सुमारे साडेपाच महिने आहे. पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम देऊन हा साठा भरायचा आणि पुढचे २२ आठवडे आठवड्यातून तीनदाच २०० मिलिग्रॅम द्यायचे, या मूळ वेळापत्रकामागचे कारण हेच. यकृतातील सीवायपी३ए४ हे एन्झाइम औषधाचे विघटन करते; रिफॅम्पिसिन या एन्झाइमचे प्रमाण वाढवत असल्याने दोन्ही सोबत दिल्यास बेडाक्विलिनची रक्तातील मात्रा निम्म्यावर येते. क्षयाच्या सर्वात परिचित औषधाशीच त्याचे पटू नये, हे जरा विचित्रच.

दोषांमध्ये हृदयाचा विषय गंभीर आहे. औषधामुळे हृदयाच्या आलेखातील ‘क्यूटी’ हे अंतर वाढते आणि ते फार वाढल्यास ठोके अनियमित होण्याचा धोका असतो, त्यामुळे उपचारादरम्यान ईसीजी काढत राहावे लागते. मंजुरीला आधारभूत ठरलेल्या चाचणीत १६० रुग्ण होते. २४ आठवड्यांनंतर थुंकी जंतुमुक्त झालेल्यांचे प्रमाण बेडाक्विलिनच्या गटात ७९ टक्के आणि ते न मिळालेल्या दुसऱ्या गटात ५८ टक्के होते. मात्र बेडाक्विलिन घेतलेल्या ७९ जणांपैकी दहा जण दगावले, तर दुसऱ्या गटातील ८१ पैकी दोघेच. या मृत्यूंना एकच समान कारण सापडले नाही, तरीही मंजुरी देताना औषधाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा छापणे बंधनकारक करण्यात आले आणि अनेक देशांनी हात आखडता घेतला.

ही शंका दूर झाली ती प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेमुळे. तेथील राष्ट्रीय नोंदींचे विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात बेडाक्विलिन मिळालेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण १२.६ टक्के आणि जुन्या उपचारांवरील रुग्णांत २४.८ टक्के आढळले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने संपूर्णपणे तोंडावाटे घ्यायच्या औषधांकडे वळण्याचा सल्ला दिला. त्याआधी रुग्णांना महिनोन्महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्यांतल्या अनेकांची श्रवणशक्ती कायमची जात असे. पुढे प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड यांच्या जोडीने बेडाक्विलिन दिल्यावर दक्षिण आफ्रिकेतील १०९ अत्यंत कठीण रुग्णांपैकी सुमारे ९० टक्क्यांचा परिणाम चांगला आला. या तिघांत मॉक्सिफ्लॉक्सासिनची भर घालून बनवलेल्या सहा महिन्यांच्या उपचारक्रमाला भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. पूर्वी याच आजाराच्या उपचाराला दीड ते दोन वर्षे लागत.

किमतीच्या प्रश्नाचा एक महत्त्वाचा निकाल मुंबईशी जोडलेला आहे. मूळ रेणूचे पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. यान्सेन कंपनीला औषधाच्या फ्युमरेट क्षारासाठी वेगळे पेटंट हवे होते, जे मिळाले असते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी त्याला हरकत घेतली. दोघीही क्षयातून वाचल्या होत्या आणि दोघींनीही जुन्या औषधांपायी श्रवणशक्ती गमावली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. औषधाला योग्य क्षाराचे रूप देणे हा गोळी घडवण्यातील नेहमीचा भाग आहे, त्यामुळे हा निर्णय मला रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही रास्त वाटतो. जागतिक खरेदी यंत्रणेला सहा महिन्यांच्या औषधासाठी २०२० मध्ये ३४० डॉलर मोजावे लागत होते, ती किंमत २०२३ मध्ये १३० डॉलरपर्यंत उतरली.

सध्या खरी चिंता प्रतिरोधाची आहे, आणि तिचे मूळही त्याच स्निग्धप्रेमी स्वभावात आहे. रुग्णाने उपचार अर्धवट सोडले, तर सोबतची औषधे काही दिवसांत शरीरातून निघून जातात. बेडाक्विलिन मात्र कमी कमी होत महिनोन्महिने मागे उरते. अशा एकट्या, अपुऱ्या औषधाच्या सान्निध्यात वाचलेल्या जंतूंना प्रतिरोध कमावण्याची आयती संधी मिळते. हा प्रतिरोध बहुतेकदा लक्ष्यस्थानी, म्हणजे एटीपी सिंथेजमध्ये, होतच नाही. ‘आरव्ही०६७८’ या नियंत्रक जनुकात बिघाड होतो, जंतूच्या आवरणातील एक उपसा करणारे प्रथिन जोमाने काम करू लागते आणि औषध बाहेर फेकले जाते. क्लोफॅझिमिन हे क्षयावरचे दुसरे औषधही याच वाटेने बाहेर जाते, त्यामुळे एका बिघाडात दोन औषधे निकामी होतात. रिफॅम्पिसिनच्या प्रतिरोधाची जलद चाचणी आता जिल्हा पातळीवरही होते. बेडाक्विलिनसाठी तितकी सुटसुटीत चाचणी करणे अवघड जाते, कारण या जनुकातील बदल ठरावीक जागी न होता जनुकभर विखुरलेले असतात. डायअरिलक्विनोलिन कुटुंबातील टीबीएजे-८७६ हे पुढच्या पिढीचे संयुग सध्या मानवी चाचण्यांत आहे. ते क्षयजंतूवर अधिक प्रभावी, कमी स्निग्धप्रेमी आणि हृदयाला कमी त्रासदायक असावे, या हेतूनेच त्याची रचना करण्यात आली आहे.